अमेरिकेचा अध्यक्ष आणि आमचा सरपंच

२०२५ च्या दिवाळीत पुतण्याचा न्यू जर्सीहून फोन आला. फराळाची, तब्येतीची, ऊस कधी तुटणार याची चौकशी झाली. मग म्हणाला, "काका, इथं सरकार बंद आहे."

"बंद म्हणजे? संप आहे का?"

"संप नाही हो. खर्चाला मंजुरी मिळाली नाही, म्हणून पैसे नाहीत. आमच्या शेजारचा एक जण सरकारी नोकरीत आहे, महिन्याच्या एक तारखेपासून बिनपगारी घरी बसलाय."

"अरे, पण तुमचा अध्यक्ष आहे ना जागेवर?"

"आहे की! पण पैसे काँग्रेसने मंजूर करायचे असतात ना."

फोन ठेवला आणि मला एक जुनी उत्तरपत्रिका आठवली. ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, म्हणून आधी तीच सांगतो.

साधारण १९८८ चा सुमार असेल. मी तेव्हा माध्यमिक शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवत होतो. सहामाहीच्या पेपरात मी एक प्रश्न घातला होता, "अमेरिकेचा अध्यक्ष ही जगातील सर्वांत सामर्थ्यवान व्यक्ती मानली जाते, कारणे द्या." चार मार्कांचा प्रश्न. सगळ्या वर्गाने वहीतले मुद्दे उतरवून काढले. सैन्याचा प्रमुख, नकाराधिकार, नेमणुका, करार. एका पोराने मात्र लिहिले की हे विधान बरोबर नाही. कारण अध्यक्षाला पैसे काँग्रेसकडे मागावे लागतात, आणि ज्याला दुसऱ्याकडे पैसे मागावे लागतात तो सर्वांत सामर्थ्यवान कसा असेल?

मी लाल शाईने शेरा मारला, "प्रश्नाला धरून उत्तर लिहावे", आणि चारपैकी दोन मार्क दिले. पोरगा शेतकऱ्याचा होता. सोसायटीच्या कर्जासाठी बाप कसा खेटे घालतो ते तो रोज पाहत होता. मी बी. ए. ची पुस्तके वाचून शिकवत होतो, आणि तो घरचे पाहून लिहीत होता.

बरोबर कोण होते? आज सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा पेपर तपासायला बसलो आहे असे समजा.

मुळापासून सुरुवात करू. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात जी मंडळी राज्यघटना लिहायला जमली, ती नुकतीच एका राजाशी लढून मोकळी झाली होती. पुन्हा राजा नको हे सगळ्यांचेच मत. पण राजाविना, म्हणजे एकाही कारभाऱ्याविना, राज्य चालवण्याचा प्रयोगही त्यांनी काही वर्षे करून पाहिला होता आणि तो फसला होता. मध्यवर्ती सरकारला कर गोळा करता येईना. मग कारभारी हवा, पण एक की तीन, यावर वाद झाला. व्हर्जिनियाच्या एडमंड रँडॉल्फ यांना एकाच माणसाच्या हातात सत्ता म्हणजे राजेशाहीचे बी वाटत होते. शेवटी एकच ठरला, मुदत चार वर्षांची ठरली, आणि ३० एप्रिल १७८९ रोजी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पहिल्या अध्यक्षपदाची शपथ घेतली.

आपल्याला हा पेच समजायला जड जाऊ नये. आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या पाटीलकी होती, बापाकडून मुलाकडे जाणारी. वंशपरंपरेची ती मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली. त्याच्या थोडे आधी १९५८ चा ग्रामपंचायतीचा कायदा आला होता आणि सरपंच गावकारभाराच्या खुर्चीत बसला होता. अनेक गावांत पहिले सरपंच पाटलाच्याच वाड्यातले निघाले हा भाग वेगळा. पण खुर्ची वारसाहक्काने मिळणार नाही, मतांनी मिळेल, आणि मुदत संपली की सोडावी लागेल, एवढे तरी ठरले. फिलाडेल्फियाच्या मंडळींनीही याहून वेगळे काही केले नव्हते.

या पदाच्या नावाचीही गंमत आहे. पहिल्या अध्यक्षाला हाक काय मारायची यावर १७८९ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये बरीच चर्चा झाली. जॉन ॲडम्स आणि काही सिनेटरांना भारदस्त किताब हवा होता, आपल्याकडच्या "महाराजाधिराज" छापाचा. प्रतिनिधीगृहाने ऐकले नाही. साधे "प्रेसिडेंट" राहिले. या शब्दाचा मूळ अर्थ सभेच्या खुर्चीत बसणारा, एवढाच. मराठीत आपण त्यासाठी "अध्यक्ष" म्हणतो. पतसंस्थेचाही अध्यक्ष आणि साहित्य संमेलनाचाही अध्यक्ष. आपल्या घटनेतल्या पदाला मात्र "राष्ट्रपती" म्हणतो. वर्गात मुले नेहमी गोंधळायची. राष्ट्रपती हा शब्द मोठा, पण त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालावे लागते. अध्यक्ष हा शब्द छोटा, पण त्याच्या हाती खरा कारभार. नावावरून अधिकार ठरत नाहीत, हे मी फळ्यावर कितीदा लिहिले असेल!

आता अधिकार पाहू. मी शिकवलेले मुद्दे खोटे नव्हते, अर्धे होते.

अध्यक्ष सैन्याचा सरसेनापती आहे. पण युद्ध जाहीर करण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिला आहे. प्रत्यक्षात काय झाले? काँग्रेसने रीतसर युद्ध जाहीर केले ते शेवटचे १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया झाले, व्हिएतनाम झाले, इराक झाले, रीतसर घोषणा एकदाही नाही. व्हिएतनामनंतर काँग्रेस जागी झाली आणि १९७३ मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार मोडून काढून तिने कायदा केला, की काँग्रेसची संमती नसेल तर साधारण साठ दिवसांत सैन्य मागे घ्यावे लागेल. त्या कायद्याला पुढच्या अध्यक्षांनी किती जुमानले हा वादाचा विषय आहे.

अध्यक्ष कायदा रोखू शकतो. पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला, तर अध्यक्षाचा नाइलाज होतो. अध्यक्ष करार करतो, पण त्याला सिनेटची दोन तृतीयांश संमती लागते. पहिल्या महायुद्धानंतर वुड्रो विल्सन यांनी राष्ट्रसंघाची कल्पना साऱ्या जगाच्या गळी उतरवली आणि स्वतःच्याच सिनेटच्या गळी उतरवता आली नाही. व्हर्सायचा तह तिथे फेटाळला गेला आणि अमेरिका राष्ट्रसंघात कधीच गेली नाही. अध्यक्ष न्यायाधीश नेमतो, पण त्यांनाही सिनेटची मान्यता लागते. आणि नेमल्यावर ते न्यायाधीश त्याचे ऐकतीलच असेही नाही. १९५२ मध्ये कोरियाचे युद्ध चालू असताना ट्रुमन यांनी संपाच्या भीतीने पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, हा अधिकार तुम्हाला नाही. त्या वेळी न्यायालयात बसलेले सगळे न्यायाधीश रुझवेल्ट आणि ट्रुमन यांनीच नेमलेले होते! कारखाने परत गेले.

माफीचा अधिकार मात्र जवळजवळ मोकळा आहे. निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला आणि सप्टेंबरमध्ये फोर्ड यांनी त्यांना संपूर्ण माफी देऊन टाकली. कोणाला विचारावे लागले नाही. १९७६ ची निवडणूक फोर्ड हरले, आणि त्यामागे ही माफी होती असे पुष्कळजण मानतात.

राहिला पैसा. त्या पोराचा मुद्दा. तिजोरीची किल्ली घटनेने काँग्रेसकडे दिली, कर बसवण्याचा अधिकारही तिलाच. म्हणूनच २०२५ मध्ये अध्यक्षांच्याच पक्षाचे दोन्ही सभागृहांत बहुमत असूनही, सिनेटमध्ये लागणारी साठ मते जमेनात म्हणून १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकार बंद राहिले. आणि त्याच वर्षी त्याच अध्यक्षांनी १९७७ च्या एका आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन जगभरच्या मालावर आयातकर बसवला. आपल्या मालावर तो ऑगस्टमध्ये पन्नास टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे स्वतःच्या कारकुनाचा पगार काढता येत नाही, पण दहा हजार मैलांवरच्या कोळंबीवाल्याचा धंदा एका सहीने अडवता येतो! प्रकरण अर्थातच न्यायालयांत गेले.

तेव्हा पद दुबळे आहे असेही म्हणवत नाही. फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी आपल्या बारा वर्षांत तीन हजारांहून अधिक आदेश काढले. ते चार वेळा निवडून आले, म्हणून १९५१ मध्ये घटनादुरुस्ती करून दोनदाच निवडून येण्याची मर्यादा घालावी लागली. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षाला पदाच्या अधिकृत कामांबाबत फौजदारी खटल्यापासून मोठे संरक्षण दिले. महाभियोग तीन अध्यक्षांवर मिळून चार वेळा चालला, १८६८, १९९९, २०२० आणि २०२१ मध्ये, पण सिनेटने एकालाही दोषी ठरवले नाही. १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन फक्त एका मताने वाचले.

मला स्वतःला या सगळ्यात लिंकन यांचे उदाहरण सर्वांत बोलके वाटते, आणि त्याचा आपल्या पुण्याशी संबंध आहे. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त करण्याचा जाहीरनामा काढला. कोणत्या अधिकाराने? सरसेनापती म्हणून, युद्धाचा उपाय म्हणून. जी राज्ये बंडात सामील नव्हती, तिथल्या गुलामांना तो लागू नव्हता. युद्ध संपल्यावर हा कागद न्यायालयात टिकेल का, ही शंका खुद्द लिंकन यांनाच होती. म्हणून तेराव्या घटनादुरुस्तीची धडपड. आणि घटनादुरुस्तीत अध्यक्षाचा अधिकार किती? शून्य. काँग्रेसची दोन तृतीयांश मते, मग तीन चतुर्थांश राज्यांची मंजुरी. डिसेंबर १८६५ मध्ये ती पुरी झाली, तेव्हा लिंकन हयात नव्हते.

पुढे १८७३ मध्ये महात्मा जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामाबद्दल. मी हे अर्पण कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो, पण एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. जोतीरावांनी पुस्तक लिंकनला अर्पण केले नाही, तिथल्या लोकांना केले.

आपल्या देशापुढे हा प्रश्न आला तेव्हा उत्तर देणारा माणूसही आपलाच होता, आणि अमेरिका आतून पाहिलेला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा सभेपुढे ठेवताना त्यांनी दोन्ही पद्धतींची तुलना केली. ती थोडक्यात अशी, की लोकशाहीतल्या सरकारकडून दोन गोष्टी हव्यात, स्थैर्य आणि जबाबदारी. दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, संसदीय पद्धत जबाबदारी जास्त घेते. तिकडे हिशेब ठरावीक काळाने, मतदार घेतात. इकडे मतदारांच्या जोडीला संसद रोज घेते, प्रश्न विचारून, चर्चा करून, अविश्वासाचा ठराव आणून. मसुद्याने जबाबदारीला झुकते माप दिले. पुढे १९८० च्या दशकात बॅ. अंतुले आणि वसंत साठे या आपल्याच राज्यातल्या नेत्यांनी अध्यक्षीय पद्धत आणावी असा आग्रह धरला. ते काही झाले नाही.

दिल्लीत झाले नाही, पण गल्लीत झाले! आता आमच्या गावाकडे वळतो.

आमच्या डाळजला नंबर आहेत, एक, दोन, तीन. पुण्याहून सोलापूरला जाताना भिगवण सोडले की उजनीच्या पाण्याच्या कडेकडेने आमची गावे लागतात. या पट्ट्यात निवडणूक म्हणजे काय असते ते इथल्या नातेवाइकांना सांगायला नको. पूर्वी आपण फक्त सदस्य निवडायचो, आणि सदस्य आपल्यातून सरपंच निवडायचे. संसदीय पद्धतच ती. पंचायतीत सदस्य सात ते सतरा. एक-दोन इकडचे तिकडे झाले की सरपंच पडायचा. मग निवडीआधी सदस्यांना सहलीला नेणे, सव्वा-सव्वा वर्षाचे सरपंचपद वाटून घेणे, हे सगळे आपण पाहिले आहे. त्यावर उपाय म्हणून २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून निवडायचा कायदा आला. २०२० मध्ये दुसऱ्या सरकारने तो रद्द केला. २०२२ मध्ये तिसऱ्याने परत आणला. फिलाडेल्फियाची मंडळी एक उन्हाळा भांडली, आपण पाच वर्षांत तीनदा मत बदलले!

तर ऑक्टोबर २०१७ मध्ये तो चारपैकी दोन मार्कवाला पोरगा (आता पोरगा कसला, चाळिशी उलटलेला गडी) शेजारच्या एका गावात थेट सरपंच म्हणून निवडून आला. गुलालाने माखलेला तसाच घरी आला, पाया पडला. मी पेढा खाल्ला. पण निकाल असा लागला होता की सरपंच याचा आणि बहुसंख्य सदस्य विरोधी पॅनेलचे.

पुढची दोन वर्षे त्याने जे भोगले ते मी जवळून पाहिले. मासिक सभा बोलवावी तर कोरम नाही. कोरम झाला तर ठरावाला सूचक मिळतो, अनुमोदक मिळतो, आणि मतदानाला सहा हात विरोधात वर होतात. वस्तीवरच्या पाण्याच्या टाकीचे काम अडले ते अडलेच. पंचायतीचा चेक सरपंचाच्या एकट्याच्या सहीने निघत नाही, ग्रामसेवकाचीही सही लागते, आणि मंजूर ठरावाशिवाय ग्रामसेवक सही करणार नाही. त्याचेही बरोबरच होते. एकदा ओट्यावर बसून म्हणाला, "सर, अख्ख्या गावानं मला निवडलं, आणि मला एक नळ टाकता येईना."

मी म्हटलं, "त्यांनाही गावानंच निवडलंय ना?"

गप्प बसला. खरे म्हणजे मीही गप्पच बसायला हवे होते. त्याच्या वस्तीवरच्या बायका दीड मैलावरून पाणी आणत होत्या, आणि मी त्याला सत्ताविभाजनाचा धडा देत होतो.

थेट सरपंचावर पहिली दोन वर्षे अविश्वासाचा ठराव आणता येत नाही. दोन वर्षे सरली आणि लगेच ठराव आला. तहसीलदारांकडे नोटीस गेली. सभेत तीन चतुर्थांश सदस्यांची मते लागतात. विरोधकांनी याच्या पॅनेलचा एकजण फोडून ती पुरी केली. पण नव्या कायद्याप्रमाणे एवढ्याने सरपंच जात नाही. ठराव ग्रामसभेपुढे जातो आणि गाव गुप्त मतदान करते. अमेरिकेत प्रतिनिधीगृहाने ठपका ठेवला की शेवटचा निकाल सिनेट देते. इथे तो निकाल ज्यांनी निवडले तेच देतात. एवढी एक गोष्ट आपल्या कायद्यात तिकडच्यापेक्षा उजवी आहे, असे माझे मत.

ग्रामसभेच्या दिवशी मी मुद्दाम गेलो होतो. मत नव्हते मला, झाडाखाली बसून राहिलो. आधी त्याला बोलायला सांगितले. त्याने टाकीचा कागद वाचून दाखवला. किती सभा बोलावल्या, किती तहकूब झाल्या, कोणता ठराव किती मतांनी पडला, तारखांसकट. नाव कोणाचेही घेतले नाही. मग रांगा लागल्या. बायकांची रांग मोठी होती. संध्याकाळी निकाल लागला आणि सरपंच राहिला.

टाकी पुढच्या वर्षी झाली. त्याचे कारण हा जिंकला एवढेच नव्हते. रांगेतल्या बायका विरोधी सदस्यांनीही पाहिल्या होत्या. पुढच्या वेळी सरपंचपद आरक्षणात गेले, हा उभा राहिला नाही. आता भेटला की डाळिंबाचे बोलतो.

पुतण्याच्या फोननंतर चार दिवसांनी, भाऊबीज झाल्यावर, तो फराळाला आला होता. अमेरिकेतले सरकार बंद असल्याचे मी त्याला सांगितले. हसला आणि म्हणाला, "सर, मग ते माझे दोन मार्क?"

मला वाटले होते विसरला असेल. सदतीस वर्षे झाली!

आता तपासणीचा निकाल. प्रश्न चुकीचा नव्हता, पण "कारणे द्या" असे विचारून मी उत्तर आधीच ठरवून टाकले होते. "आपले मत लिहा" असे विचारायला हवे होते. अध्यक्ष असो की सरपंच, त्याचे सामर्थ्य कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले असते तेवढेच नसते. समोरच्या बाकांवर कोण बसले आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि गाव जागे आहे की झोपले आहे, यावर ते रोज कमीजास्त होते. हे नववीतल्या पोराने एका वाक्यात लिहिले होते आणि मी त्याचे मार्क कापले.

चारपैकी चार. मी त्याला तसे कागदावर लिहून दिले, खाली तारीख टाकून सही केली. त्याने घडी करून खिशात ठेवला.

असो. लेख लांबला. न्यू जर्सीच्या मंडळींनी माझे काही चुकले असल्यास कळवावे. आणि गावाकडच्यांना एकच विनंती, पुढची ग्रामसभा लागेल तेव्हा शेताची कामे दोन तास बाजूला ठेवून जाऊन बसा. बोलला नाहीत तरी चालेल, पण जा.